आता विचारणारं कुणी नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

प्रवेश नक्की झाला, विषय मनासारखे मिळाले, हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "कॉलेज शाळेपेक्षा खूप अवघड असतं का?" पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना शिकवताना मी जे दरवर्षी बघते, तेच तुला सांगते. त्यात तुझं उत्तर मिळेल.

विषय झेपत नाहीत म्हणून मागे पडणारी मुलं थोडी. बहुतेक जण मागे पडतात, कारण आपण मागे पडतोय याचा त्यांना पत्ताच लागत नाही. शाळेत वही तपासली जायची, गृहपाठ राहिला तर दुसऱ्याच दिवशी विचारणा व्हायची, गैरहजेरीचा निरोप घरी पोहोचायचा. तू चार दिवस गप्प गप्प दिसलीस तर कुणीतरी बाई बाजूला घेऊन "काय झालं गं?" म्हणायच्या. कॉलेजात ही नजर एकदम उठते. काही ठिकाणी हजेरी घेतात, पण तू बाकावर बसली होतीस एवढंच हजेरीतून कळतं. डोक्यात काय शिरलं ते नाही. पुस्तक उघडलं नाहीस तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. पुढच्या आठवड्यातही बिघडत नाही. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं, आणि सत्राच्या मध्यावर पहिली परीक्षा येते तेव्हा कित्येक आठवड्यांचं साचलेलं समोर असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ते विचारण्याचं काम तुला स्वतःकडे घ्यायचं आहे. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी वेळेचं बोलू. वेळापत्रक हातात आलं की त्यातल्या मोकळ्या जागा बघून मन सुखावतं. युरोपातल्या विद्यापीठांत अभ्यासाचं काम क्रेडिट नावाच्या एककात मोजतात; एका वर्षाला 60 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे वर्षाला 1500 ते 1800 तास. वर्गातले तास, प्रॅक्टिकल, एकट्यानं केलेलं वाचन, लेखन, परीक्षेची तयारी, सगळं त्यात आलं. अमेरिकेत वर्गातल्या दर तासामागे बाहेरचे किमान दोन तास गृहीत धरायची रीत आहे. तुझ्या कॉलेजचे आकडे वेगळे असतील, पण छापील वेळापत्रक हा कामाचा लहान भाग आणि मोठा भाग आपला आपण मांडायचा, हे सगळीकडे सारखंच. दोन लेक्चरांमधला मोकळा तास कुठे बसून काय करायचं, ते आदल्या रात्री ठरव. जागा ठरलेली असली की निम्मं काम होतं.

आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या विषयांच्या तारखा एका कागदावर उतरव. प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयाची तारीख देतात. दुसऱ्या विषयाचं सबमिशन त्याच आठवड्यात आहे हे त्यांना ठाऊक नसतं. ते फक्त तुलाच दिसू शकतं, आणि तेही सगळं एका कागदावर असेल तरच.

कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज बांधताना स्वतःवर जरा कमी विश्वास ठेव. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या 37 विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचं काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं जवळपास 34 दिवस. मग विचारलं, सगळंच बिनसलं तर? तेव्हा सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला हिशेबही अपुरा पडला. ही आळशी मुलं नव्हती, चांगला अभ्यास करणारी होती. तेव्हा चार दिवसांचं वाटतं त्या कामाला आठ दिवस धर आणि सुरुवात त्याप्रमाणे कर.

आता अभ्यासाच्या पद्धतीकडे येते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण शाळेत उत्तम गुण मिळवलेली मुलंच इथे अडतात. त्यांची पद्धत अशी: वाचायचं, महत्त्वाच्या ओळींवर रंग मारायचा, पुन्हा वाचायचं. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटू लागतं आणि ओळखीचं वाटलं की "झालं" म्हणून पुस्तक मिटतात. पण समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतः मांडणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात याचा प्रयोग केला आणि 2006 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: आपल्याला चांगलं लक्षात राहील असा जास्त भरवसा वाचणाऱ्या गटालाच होता. रंगवलेल्या पानावर "मला येतंय" असं जे वाटतं, त्याची किंमत यावरून कर.

तू एवढंच कर. लेक्चर झालं की त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर लिही: आज काय सांगितलं, कशावरून सांगितलं, मागच्या तासाशी त्याचा संबंध काय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग वही उघडून बघ काय सुटलं. जे सुटलं तेच दोन-तीन दिवसांनी पुन्हा, न बघता. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. सलग पाच तास बसण्यापेक्षा तोच वेळ वेगवेगळ्या दिवशी वाटून घेतलास तर जास्त टिकतं. पहिले काही दिवस हे फार जड जाईल, कागदावर चारच ओळी उतरतील आणि वाटेल, आपल्याला काहीच येत नाही. ते वाटणं खरं असतं, आणि परीक्षेच्या हॉलऐवजी आपल्या टेबलावर कळतं हे चांगलं. गणितासारख्या विषयात सोडवलेलं उदाहरण वाचून थांबू नकोस. उत्तर झाकून पहिल्यापासून सोडव. कॉम्प्युटरकडून तयार उत्तर मागवायचा मोह होईल. आधी आपलं लिही, मग काय ते पडताळून बघ. क्रम उलटा केलास तर शिकण्याचा भाग तुझ्या हातून निसटतो.

असं तपासत गेलीस की कुठे अडलंय ते दिसायला लागेल, आणि अडलं की विचारायचं. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड आहे. शाळेत शिक्षक तुझ्याकडे यायचे, इथे तुला त्यांच्याकडे जायचं आहे. हुशार मुलांना हे सर्वांत जास्त जड जातं, कारण त्यांना आजवर विचारावं लागलेलंच नसतं. बहुतेक शिक्षकांची भेटायची वेळ ठरलेली असते आणि मी खात्रीनं सांगते, त्या वेळेत फार थोडी मुलं फिरकतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र दारात रांग लागते, तेव्हा कुणालाच नीट वेळ देता येत नाही.

जाताना प्रश्न घेऊन जा. "मला हा धडा कळला नाही" एवढंच म्हटलंस तर शिक्षकांना तो धडा पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागेल आणि तू पुन्हा तिथेच अडशील. "इथपर्यंत मला कळलं, ही पायरी मी अशी केली, पुढे हे कुठून आलं ते कळत नाही," असं म्हण आणि केलेलं काम दाखव. पाच मिनिटांत गाठ सुटते. प्रश्न साधा वाटला म्हणून मागे ठेवू नकोस. पहिल्या महिन्यात साधे प्रश्न विचारणारी मुलं आम्हा शिक्षकांना मनापासून आवडतात.

एकटेपणाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी लिहिते. पहिले काही आठवडे तुला वाटेल की बाकी सगळ्यांचे गट जमलेत, आपणच बाहेर आहोत, कदाचित आपण इथल्या लायकीचेच नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: आम्हालाही असंच परकं वाटायचं, हळूहळू ते ओसरलं. मग त्याच्याशी जोडून स्वतःचा अनुभव लिहायला लावला. सगळं मिळून तासाभराचं काम. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ते वाचलं त्यांचे गुण पुढची तीन वर्षं, पदवीपर्यंत, न वाचलेल्यांपेक्षा चांगले राहिले. त्या मुलांची परिस्थिती आणि तुझी एक नाही, पण परकं वाटणं म्हणजे आपल्यात काही कमी असल्याचा पुरावा नव्हे, हे त्यातून तू घे. रोज ज्या बाकावर बसशील त्याच्या शेजारणीशी बोल. लेक्चर संपल्यावर "यातलं तुला काय कळलं?" असं विचारलंस तरी पुरे, अभ्यास आणि ओळख दोन्ही होतं. आणि उदासी आठवडे उलटले तरी हलली नाही, झोप-भूक बिघडली, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा आणि मलाही कळव. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

झोप मोडू नकोस. तुझ्या वयाला साधारण आठ तास लागतात, आणि रात्रभर जागून वाचलेलं सकाळी हाताशी येत नाही.

पहिल्या परीक्षेत गुण अपेक्षेपेक्षा कमी येतील, असं धरून चाल. बऱ्याच जणांचे येतात. त्या दिवशी रडू आलं तर रड, दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका मागून घे आणि प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिही: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट पाहिला नाही, की वेळ पुरला नाही. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, म्हणून "मी गणितात कच्ची आहे" असं एका वाक्यात गुंडाळू नकोस. तो कागद मला पाठव. गुणांवर पट्टी चिकटवून पाठवलास तरी चालेल, मला फक्त तू पुढे लिहिलेली कारणं वाचायची आहेत.

तुझी,
मावशी