बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी, आणि काम मात्र नोंदवह्या भरण्याचे?

अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी कारखान्यातील प्रशिक्षणासाठी बाहेर पडले, की थोड्याच दिवसांत त्यांच्यापैकी काहींचे, आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांचे, फोन समुपदेशक म्हणून मला येऊ लागतात. तक्रारीचा सूर एकच असतो : इतकी वर्षे शिकवून शेवटी कंपनीने मुलाला नोंदवह्या भरायला बसवले आहे, यातून तो काय शिकणार? अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ती मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबातली. परभणीला १९७६ मध्ये अन्नतंत्र महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून हे शिक्षण त्या भागातील मुलांना घराजवळ मिळते. तरीही गावाकडे ‘फूड टेक’ म्हटले की हा स्वयंपाकाचा किंवा हॉटेलचा कोर्स असावा, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. आपण अभियांत्रिकीच शिकतो आहोत हे नातेवाइकांना पटवून देण्यात जिची तीन वर्षे गेली, तिला पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध प्रक्रिया प्रकल्पात वही आणि पेन घेऊन उभे केल्यावर झालेला त्रागा या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवा.

वडिलांना घेऊनच ती आली होती. “मॅडम, दर अर्ध्या तासाने पाश्चरायझरचे (दूध तापवून त्यातील रोगजंतू मारणाऱ्या यंत्राचे) तापमान लिहायचे, टँकर आला की दुधाची आम्लता काढायची, सीआयपी (यंत्रे न उघडता आतून धुणे) झाली की तक्त्यावर सही करायची. माझ्या शेजारी बारावी झालेला मुलगा हेच काम करतो. मग मी बी.टेक. कशाला केले?” वडिलांचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. एवढ्या काळात एमपीएससीचा अभ्यास झाला असता, तेव्हा कॉलेजला सांगून हे प्रशिक्षण थांबवता येईल का, असे त्यांनी विचारले. ते थांबवता येत नाही, कारण तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो आणि त्याचे श्रेयांक मिळाल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही, हे मी त्यांना लगेच सांगितले. पण नियम सांगितल्याने मुलीचे समाधान होणार नव्हते.

मी स्वतः अन्नतंत्राची पदवी घेऊन नंतर समुपदेशनाकडे वळले असल्यामुळे तिच्या वहीतील रकाने मला परिचित होते. मी तिला विचारले, की दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवायचे असते हे तू परीक्षेत लिहिले आहेस. मग तुमच्या प्रकल्पात ते १५ सेकंद कोण मोजतो? ती गप्प झाली. सेकंद कोणी घड्याळात मोजत नाही. तापवलेले दूध ज्या नळीतून जाते, त्या होल्डिंग ट्यूबची लांबी आणि व्यास ठरलेला असतो, पंपाचा वेग ठरलेला असतो, आणि त्या वेगाने दुधाचा कण नळीतून पार व्हायला जो वेळ लागतो, तोच तो कालावधी. म्हणजे कोणी पंपाचा वेग वाढवला, तर काट्यावर ७२ अंश दिसत असूनही दूध पुरते पाश्चराइझ झालेले नसेल. मग मी दुसरा प्रश्न विचारला : ज्या तापमानाची तू नोंद करतेस, त्याचा संवेदक नळीच्या सुरुवातीला नसून शेवटी का बसवलेला असतो? याचे उत्तर तिने थोडा विचार करून स्वतःच दिले, की नळीतून जाताना दूध थोडे निवते, म्हणून शेवटच्या टोकाला तापमान पुरेसे असेल तरच आधीच्या सगळ्या अंतराची खात्री देता येते. तिथे तापमान कमी पडले, तर झडप आपोआप फिरते आणि दूध पुन्हा कच्च्या दुधाच्या टाकीकडे जाते. “एका रात्री झडप फिरली होती,” ती म्हणाली, “ऑपरेटर नुसता वाफेच्या व्हॉल्व्हकडे गेला. मी तापमान लिहिले आणि पुढचे काम केले.”

माझ्या मते तिच्या अडचणीचे मूळ येथे होते. काम हलके नव्हते. त्या कामामागचे कारण तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते. पुस्तकातला एचएसीसीपीचा (अन्नातील धोके ओळखून त्यांवर नियंत्रण ठेवण्याच्या पद्धतीचा) धडा आणि हातातली वही या एकाच गोष्टी आहेत, हे वर्गात बसून सहसा कळत नाही, आणि महाविद्यालये प्रशिक्षणाआधी ते पुरेसे सांगत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांना मात्र हे लवकर उमगले. ते स्वतः संकलन केंद्रावर दूध घालतात आणि त्यांचा दर फॅट व एसएनएफवर (फॅट सोडून दुधातील बाकीच्या घन पदार्थांवर) ठरतो, त्यामुळे एका आकड्यावर किती पैसे अवलंबून असतात हे त्यांना सांगावे लागले नाही. ताज्या गायीच्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के असते आणि ती फार वाढलेले दूध तापवताच फुटते, हे ऐकल्यावर त्यांनी मुलीकडे वळून विचारले, “म्हणजे टँकर परत पाठवायचा की नाही, हे तुझ्या आकड्यावर ठरते?” तिने मान डोलावली. तोवर तिने आपल्या कामाकडे तसे पाहिले नव्हते.

तिला मी एकच काम दिले : वहीतला कोणताही एक रकाना निवडायचा आणि तो आकडा चुकला तर पुढे काय होईल, ते अखेरपर्यंत शोधायचे. तिने पाश्चरायझरच निवडला. कच्चे दूध आणि पाश्चराइझ केलेले दूध एकाच यंत्रात पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहते, तेव्हा पाश्चराइझ दुधाच्या बाजूचा दाब जास्त ठेवतात, म्हणजे पत्र्याला छिद्र पडलेच तर चांगले दूध कच्च्यात जाईल, कच्चे दूध चांगल्यात येणार नाही, हे तिला एका जुन्या फिटरने समजावले. दूध नीट तापले की नाही, याची प्रयोगशाळेत फॉस्फेटेज चाचणीने पडताळणी का करतात, हेही तिने विचारून घेतले : रोगजंतू मरायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित अधिक उष्णतेने फॉस्फेटेज हे दुधातले विकर (एन्झाइम) नष्ट होते, म्हणून ते सापडले नाही तर जंतूंबद्दल निर्धास्त राहता येते.

तिच्या बोलण्यात मात्र कंटाळ्याव्यतिरिक्त आणखी एक गोष्ट होती, आणि ती कंटाळ्याच्या आड लपली होती. दुपारची पाळी रात्री अकराला सुटत असे, परत जायला वाहन नसे, आणि ती भाड्याच्या खोलीपर्यंत अंधारातून चालत जात असे. हे तिने घरी सांगितले नव्हते. शिवाय पॅकिंगला माणूस कमी पडला की तिला तिथे उभे करत आणि शिकवायला ठरावीक वरिष्ठ कोणी नव्हता. कंटाळा सोसून त्यातून शिकता येते. असुरक्षितता सोसायची नसते, आणि प्रशिक्षणार्थी म्हणून ती सोसलीच पाहिजे असे समजणाऱ्या पालकांशी मी नेहमी भांडते. वडील संतापून थेट कारखान्यात जायला निघाले होते. मी त्यांना थांबवले आणि मुलीलाच पत्र लिहू द्या, असे सुचवले. महाविद्यालयाच्या प्रशिक्षण समन्वयकांना आणि प्रकल्पाच्या मनुष्यबळ विभागाला तिने तारखा व वेळा देऊन, आरोपाची भाषा टाळून, ईमेल केला. दिवसाची पाळी मिळाली, गुणवत्ता विभागातील एक अधिकारी मार्गदर्शक म्हणून नेमून दिले गेले. पॅकिंगवर उभे राहणे पूर्ण थांबले नाही, पण कमी झाले.

एमपीएससीच्या मुद्द्यावर वडिलांशी वेगळे बोलावे लागले. अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी अन्नतंत्रज्ञानाची पदवी ग्राह्य धरली जाते, आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार हे अधिकारी कारखान्यात जाऊन तपासणी करतात, नमुने घेतात. जिने स्वतः तापमानाचे तक्ते भरले आहेत, तिला खोटा तक्ता इतरांपेक्षा लवकर ओळखता येईल, असे मी त्यांना म्हटले. ते फारसे पटल्याचे दिसले नाही. पण प्रशिक्षण सोडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मुलीने प्रशिक्षण पूर्ण केले. झडप कोणत्या वेळी आणि कशामुळे फिरते, यावर तिने अहवाल लिहिला आणि वाफेचा दाब पाळी बदलण्याच्या सुमारास कमी होतो, ही गोष्ट तिच्या नोंदींतूनच पुढे आली. उत्पादन विभागात काम करायचे नाही, असे तिचे मत आजही कायम आहे. गुणवत्ता विभागात जागा शोधते आहे, आणि शेजारी परीक्षेची पुस्तकेही ठेवली आहेत.

पुढच्या वर्षी जे विद्यार्थी बाहेर पडतील, त्यांनी व त्यांच्या पालकांनी जागा स्वीकारण्यापूर्वी प्रकल्पाला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. शिकवण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या अधिकाऱ्यावर आहे, किती विभागांत फिरवणार, विद्यावेतन आहे की नाही, आणि उशिराची पाळी असल्यास ने-आण कोण करणार. उत्तर देण्याचे टाळणारी जागा नाव मोठे असले तरी सोडून द्यावी. समन्वयकांकडे तोवर इतर जागा शिल्लक असतात, रुजू झाल्यावर त्या बदलून मिळणे अवघड जाते.