माणसे स्वतःचा विचार सोडून गर्दीच्या मागे का जातात?

माणसे स्वतंत्र विचार का करत नाहीत, असे आपण विचारले आहे आणि अशा माणसांना 'मेंढरे' म्हटले आहे. त्या शब्दामुळेच हे उत्तर लिहायला बसले, कारण एकदा मीही त्या कळपात होते आणि तेव्हा बरोबर उत्तर माझ्या वहीत लिहिलेले होते.

मी भौतिकशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेची उत्तरसूची ठरवण्यासाठी आम्ही सहाजण एका टेबलाभोवती बसलो होतो. टाकीतल्या पाण्यावर होडी तरंगते आहे, होडीत दगड आहे. तो उचलून पाण्यात टाकला तर टाकीतील पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील, असा एक प्रश्न होता. होडीत असलेला दगड आपल्या वजनाइतक्या वजनाचे पाणी बाजूला सारतो, तळाशी गेल्यावर मात्र केवळ आपल्या आकारमानाइतके; दगडाची घनता पाण्याहून जास्त असल्याने हे दुसरे पाणी कमी भरते आणि पातळी खाली जाते. हे सारे मी आदल्या रात्री सोडवून ठेवले होते. मुख्य परीक्षकांनी पाने उलटता उलटता "आर्किमिडीजचे तत्त्व आहे, म्हणजे तेवढीच," असे सांगितले, शेजारच्या सरांनी मान डोलावली, पुढच्या दोघांनी "तेवढीच" म्हटले आणि पाळी माझ्यावर आली. त्या चार-पाच सेकंदांत मी विचार केला नाही असे कोणी म्हणू नये. इतक्या वेगाने मी आयुष्यात क्वचितच विचार केला असेल. चौघे चुकण्यापेक्षा माझीच कुठे तरी गफलत झाली असण्याचा संभव अधिक, बोलून तोंडघशी पडले तर ते वर्षभर ऐकून घ्यावे लागेल, अजून निम्मे प्रश्न बाकी आहेत आणि सर्वांना घरी जायचे आहे, एवढे सगळे डोक्यातून गेले. मी "तेवढीच" म्हणाले आणि वही मिटली.

पुढे विद्यार्थ्यांच्या हरकती आल्या, उत्तर बदलावे लागले आणि गुण नव्याने मोजावे लागले. त्या दिवशी माझ्यानंतर ज्यांची पाळी होती त्या सहकारी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "मॅडम, मीसुद्धा 'कमी होईल' असेच काढले होते. पण तुम्हीही 'तेवढीच' म्हणालात, मग मला धीर झाला नाही." मी चौघांना बिचकले होते आणि त्या माझ्यासकट पाचजणांना. मुख्य परीक्षकांचे म्हणणे मात्र तेव्हापासून एकच राहिले: "माहीत होते तर बोलायचे होते. तुम्ही मंडळी स्वतःचे डोके वापरतच नाही."

हे म्हणणे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात केलेले रेषांचे प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितले जातात, पण बहुधा अर्धेच. समोरच्या तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी कोणती, इतका सोपा प्रश्न. एकट्याला विचारल्यास चूक एक टक्क्याहूनही कमी. आधी बोलणारे सगळे, म्हणजे प्रयोगकर्त्यांना आतून सामील असलेले लोक, ठरवून चुकीचे उत्तर देत तेव्हा मात्र खऱ्या सहभागींची सुमारे 37 टक्के उत्तरे त्यांच्याप्रमाणे चुकत. म्हणजे उरलेली 63 टक्के उत्तरे गर्दीला न जुमानता दिलेली होती, हे 'मेंढरे' म्हणणारे सोयीस्करपणे गाळतात. त्याहून महत्त्वाचे असे की सामील लोकांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले तरी चुकांचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शावर येई, आणि उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले तरीही ते बरेच घटे. डोळे तेच, बुद्धी तीच. बदलली ती फक्त बोलण्याची परिस्थिती. तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की अनेकदा माणूस विचार करतो, पण केलेला विचार गिळून टाकतो, आणि तो गिळायला लावण्यात सर्वांत आधी बोलणाऱ्या वरिष्ठाचा वाटा मोठा असतो.

म्हणून कोणत्याही बैठकीत चर्चेआधी प्रत्येकाने आपले उत्तर चिठ्ठीवर लिहावे आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. मी ही सूचना आमच्याकडे दोनदा मांडली. "एवढा वेळ कोणाला आहे?" असे उत्तर मिळाले. सहा चिठ्ठ्या लिहायला दोन मिनिटे लागतात; गुण पुन्हा मोजायला आम्हाला तीन आठवडे लागले होते.

अर्थात गर्दीचे ऐकणे प्रत्येक वेळी भित्रेपणाचे नसते, हे आधीच सांगायला हवे होते. इमारतीतून सगळे धावत बाहेर पडत असतील तर मीही आधी धावेन आणि कारण नंतर विचारीन. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी 1935 मध्ये अंधाऱ्या खोलीतील स्थिर प्रकाशबिंदू किती हलल्यासारखा वाटतो असे लोकांना विचारले, तेव्हा एकत्र बसलेल्यांचे अंदाज हळूहळू जवळ आले. जिथे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नसते तिथे शेजाऱ्याचा अंदाज विचारात घेणे शहाणपणाचेच आहे. शिवाय मी गप्प बसले ही चूक माझीच होती, ती मी कोणावर ढकलत नाही.

मुख्य परीक्षक गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी होडी आणि दगडाचा किस्सा रंगवून सांगितला आणि "आम्हा सहांपैकी एकालाही उत्तर आले नव्हते," असे म्हटले. जिन्यात भेटलेल्या त्या बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. सगळे हसले, तशा आम्हीही हसलो.