वडिलांचं कोलेस्टेरॉल फक्त १०४ आलं आहे, तूप-लोणी वाढवावं का?

तुमच्या प्रश्नातली माहिती एकत्र मांडतो. वडील ५८ वर्षांचे, जिंतूर तालुक्यात शेती, माळकरी. एकूण कोलेस्टेरॉल १०४, एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) ४१, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) २८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७५. कोलेस्टेरॉलची कुठलीच गोळी चालू नाही. गेल्या चार महिन्यांत अंगावरचे कपडे ढिले झालेत आणि घरचे म्हणतात, तूप वाढवा.

तूप द्यायला हरकत नाही, पण हा आकडा तुपाने भरून यायचा नाही. शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत आणि इतर पेशी स्वतःच बनवतात, ताटातून येतं ते थोडं. माळकरी माणसाच्या जेवणात अंडी-मटण नसतं, आपल्याकडे भाजीला करडईचं तेल असलं तर तेही एलडीएल थोडं उतरवतं. तरी एवढ्यावर आकडा १०४ पर्यंत येत नाही. औषध चालू नसताना एकूण १२० च्या खाली किंवा एलडीएल ५० च्या खाली गेलं, की त्यामागचं कारण शोधायचं असतं. तुमच्याकडे दोन्ही आहे, वर वजनही उतरतंय. मला त्या वजनाचीच जास्त काळजी वाटते.

आधी रिपोर्ट नीट वाचू. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूणमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. म्हणजे १०४ − २८ − ३५ = ४१. एलडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलं की हे गणित खरं असेल त्याहून कमी आकडा दाखवतं. पुढच्या वेळी ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा, १०-१२ तास उपाशीपोटी. पण एकूण १०४ हा मोजलेला आकडा आहे, तो गणिताच्या चुकीत जात नाही. रक्त दिलं त्याच्या आसपास डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया किंवा ऑपरेशन झालं होतं का? अशा आजारात कोलेस्टेरॉल तात्पुरतं पडतं, माणूस पूर्ण बरा झाल्यावर महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासावं लागतं.

मग घरातली जुन्या कागदांची पिशवी काढा. विम्याची तपासणी, एखाद्या शिबिरातला रिपोर्ट, काहीही चालेल. पाच-दहा वर्षांपूर्वीही ११० च्याच घरात असेल तर जन्मजात ठेवण असू शकते. तेव्हा १७० असेल आणि आता १०४, तर मधे काहीतरी घडलंय.

चारही आकडे एकत्र पाहिले की अंदाज आणखी पक्का होतो. आनुवंशिक कमी एलडीएलमध्ये सहसा ट्रायग्लिसराइडही कमी असतं आणि एचडीएल ठीक असतं. वडिलांचं उलट आहे: एलडीएल खाली, एचडीएल खाली, ट्रायग्लिसराइड वर. शरीरात संसर्ग किंवा दाह मुरलेला असतो तेव्हा असं चित्र दिसतं. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त हे आपल्याकडे मधुमेह असलेल्यांतही भरपूर दिसतं, म्हणून एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) करायचंच, पण नुसत्या मधुमेहाने एलडीएल ४१ होत नाही.

माझ्या यादीत पहिला टीबी. खोकला हवाच असं नाही. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, मानेत गाठ, अन्नावरची वासना उडणं, यातलं एक असलं तरी तपासणीला पुरे. छातीचा एक्स-रे आणि थुंकी येत असेल तर दोन नमुने. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दुसरा थायरॉइड, म्हणजे त्या ग्रंथीचं काम गरजेपेक्षा वाढलेलं. भूक चांगली, तरी वजन उतरतं, छातीत धडधड, हात पुढे धरले की बोटं थरथरतात. त्यात पेशी रक्तातलं एलडीएल जास्त वेगाने ओढून घेतात. उपचार सुरू झाले की कोलेस्टेरॉल आपोआप वर येतं. टीएसएच, टी३, टी४ एवढ्यात उलगडा होतो.

तिसरं यकृत. कारखानाच थकला तर माल कुठून निघणार? दारू, जुनी कावीळ, पायावर सूज, पोट फुगणं, यांची खरी उत्तरं डॉक्टरांना द्या, माळेच्या लाजेने दारू लपवू नका. एलएफटीमध्ये (यकृताची रक्ततपासणी) एसजीपीटीपेक्षा अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) बघा, सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) प्लेटलेट. सीबीसीतच ॲनिमिया कळेल. शाकाहारी माणसात बी-१२ कमी होऊन झालेल्या ॲनिमियातही कोलेस्टेरॉल घसरतं. चिकट, तेलकट, न वाहून जाणारी शौचास होत असेल तर आतड्यातून चरबी शोषली जात नाही. शेवटी पोटाची सोनोग्राफी आणि एचआयव्ही. कर्करोगाचं नाव काढलं की घर हादरतं, पण या वयात विनाकारण वजन उतरत असेल तर तेही तपासून बाजूला सारावं लागतं.

आता, कमी कोलेस्टेरॉल स्वतः किती घातक? मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो, रक्तातलं तिथे जवळजवळ जात नाही. हृदयरोग्यांत औषधाने एलडीएल ३० पर्यंत उतरवल्याचे निष्कर्ष २०१७ साली आले, स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. नैराश्याशी संबंध सांगितला जातो, पण कमी कोलेस्टेरॉलनेच ते होतं असं सिद्ध नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका थोडा वाढू शकतो, आणि बीपी जास्त असेल तर ती गोष्ट गंभीर होते, म्हणून बीपी नियमित मोजा.

लहान मुलांचं प्रकरण मात्र वेगळं. बाळाला सतत तेलकट जुलाब, वजन वाढत नाही आणि कोलेस्टेरॉल ३०-४०, तर तो दुर्मीळ आनुवंशिक आजार असू शकतो. आई-वडील दोघांकडूनही दोष आला तरच होतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत शक्यता वाढते. त्यात ई जीवनसत्त्व लवकर आणि मोठ्या मात्रेत दिलं नाही तर डोळे आणि तोल कायमचे बिघडतात.

अँजिओप्लास्टी होऊन स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेणाऱ्याचं एलडीएल ४० आलं, तर ते हवंच असतं. हे वाचून कुणाची गोळी बंद करू नका.

वडिलांना याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा. त्याआधी वजन करा आणि जुन्या वजनाशी ताडून बघा: ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत ३ किलो विनाकारण गेले तरी ती तक्रार म्हणून ठळक सांगायची. खोकल्यातून रक्त, काळी शौच, डोळे पिवळे किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट परभणीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात न्या.