बोन्सायवरचा हा किडा कोणता?

फायकसच्या फांद्यांवर पांढरे, झालरीसारखे केस असलेले किडे फिरताहेत. पिठ्या ढेकूण समजून आम्ही ते वेचून मारले. तरी पुन्हा दिसतात. काय करावे?

मारणे आधी थांबवा. तुमच्या वर्णनातला ‘फिरताहेत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पिठ्या ढेकणाची मादी साधारण ३ ते ४ मिमी लांब, लंबगोल आणि सुस्त असते. पानाच्या बेचक्यात नाहीतर फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेखाली ठाण मांडून बसते. तिच्या अंगावरची पांढरी झालर आखूड आणि बऱ्यापैकी नेटकी असते. किडा १० मिमीच्या पुढे गेला असेल, पांढरे धागे लांब आणि विस्कटलेले असतील आणि काडी लावताच तो लगबगीने पळत असेल, तर ती बहुधा क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी आहे. ती पिठ्या ढेकूण खाऊनच वाढते आणि त्यांच्याचसारखी मेणाची पांढरी वेषभूषा करते. हिचा प्रौढ भुंगेरा सुमारे ४ मिमीचा, काळपट, डोके नारिंगी. तो झाडावर दिसला तर शंकाच उरत नाही.

अर्थात ही अळी आहे म्हणजे तिचे खाद्यही झाडावर आहे. कापसाच्या पुंजक्यासारख्या अंड्यांच्या पिशव्या शोधा. एकेका पिशवीत शेकडो अंडी असतात. नेमकी पिशवी आणि खरे ढेकूण तेवढे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने टिपून काढा. आधी एकाच पानावर लावून दोन दिवस वाट पाहा. कोवळी पाने भाजतात. सरसकट फवारणी केलीत तर अळी आधी मरेल आणि सालीच्या फटीत दडलेले ढेकूण मागे उरतील.

मुंग्यांकडेही बघा. चिकट स्रावासाठी त्या ढेकणांची राखण करतात आणि मित्रकिड्यांना हुसकावतात. पाण्याने भरलेल्या थाळीत उलटी वाटी ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा. मात्र एकही फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकता कामा नये, नाहीतर मुंग्यांना पूल आयताच मिळतो.

खोडावर तपकिरी, बारीक फुगवटे आले आहेत, हलत नाहीत. हा रोग आहे की साल?

दोन्ही नसण्याची शक्यता जास्त: ही खवले कीड असावी. टूथपिकच्या टोकाने एक फुगवटा कडेने उचला. खवला अख्खा सुटून येतो. खाली ओलसर शरीर किंवा अंडी दिसतात आणि साल शाबूत राहते. सालीवरची नैसर्गिक वातरंध्रे अशी सुटत नाहीत. खरवडली तर आतला हिरवा थर उघडा पडतो. शिवाय वातरंध्रे खोडभर विखुरलेली असतात, खवले मात्र फांद्यांच्या सांध्यांत आणि पानाच्या मधल्या शिरेलगत गर्दी करतात.

पाने चिकट असतील आणि त्यांवर पुसली जाणारी काळी बुरशी असेल, तर कीड मऊ खवल्याची. चिकटपणा अजिबात नसेल तर कठीण कवचाची. तिचे कवच शरीरापासून सुटे असते, त्यामुळे वरून मारलेले औषध आत पोचतच नाही. म्हणून वेळ साधायची ती पिल्लांची. कवच धरण्याआधी ती एकदाच चालती असतात. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळा आणि दर दोन दिवसांनी भिंगातून तपासा. पिवळसर ठिपके अडकलेले दिसले की फवारणी सुरू करा: १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि १ मिली सौम्य द्रवसाबण. संध्याकाळी, दर दहा दिवसांनी, तीन वेळा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. शिळे झाले की तेल वेगळे होते आणि पाने करपवते. फवारताना माती प्लास्टिकने झाका.

फवारणीनंतरही खवले जागेवरच दिसतील. मेलेला खवला आपोआप गळत नाही. चिरडून बघा: कोरडा भुगा झाला तर काम झाले, ओल लागली तर नाही.

ज्युनिपर आतून फिका, राखाडी पडत चालला आहे. किडा एकही दिसत नाही.

डोळ्यांना दिसणार नाही, कारण लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरचा असतो. फांदीखाली पांढरा कागद धरून तिला टिचक्या मारा आणि मिनिटभर थांबा. धूळ जागेवर राहते, कोळी चालू लागतात. बोटाने पुसल्यावर कागदावर लालसर किंवा हिरवट रेघ उठते. फार वेगाने धावणारे एखाद-दोन ठिपके दिसले तर ते बहुधा शिकारी कोळी, आपल्या बाजूचे.

कागद स्वच्छ निघाला तर मुळे तपासा. ज्युनिपर मुळातून मेल्यावरही काही आठवडे हिरवा दिसतो, आणि या फसवणुकीत अनेक जण कीटकनाशकाची अख्खी बाटली रिकामी करतात.

कोळी निघालेच तर कुंडी आडवी धरून पानांच्या आतल्या-खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा द्या, दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे. गरम, कोरड्या हवेत यांची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. एकदा धुऊन अंडी जात नाहीत. तेवढ्याने भागले नाही तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. तापमान ३२ अंशांच्या वर असताना नको, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नको. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. साध्या कीटकनाशकाने त्याचे शत्रू मरतात आणि तो उलट फोफावतो. फिकी पडलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. सुधारणा नव्या शेंड्यांवरून ओळखा.

फायकसची कोवळी पाने मधोमध दुमडून बंद होतात, त्यांवर जांभळट डाग आहेत.

फुलकिडे. पान उघडा: काळे, सडपातळ, २ ते ३ मिमीचे प्रौढ आणि फिकी पिल्ले सापडतील. घडी बंद असल्याने वरचा फवारा आत जात नाही. दुमडलेली पाने खुडून लगेच पिशवीत बंद करा, कुंडीत टाकू नका. नवी पालवी येताना आठवड्याला एकदा तपासणी पुरते.

पानाखाली केसासारख्या दांड्यांवर बारीक अंडी उभी आहेत.

क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिड्याची आहेत. हात लावू नका, त्यातून निघणाऱ्या अळ्या मावा खातात.

कुंडी बदलताना पाइनच्या मुळांवर पांढरे आवरण दिसले, आणि मातीत उड्या मारणारे किडे. झाड वाचेल ना?

उड्या मारणारे स्प्रिंगटेल आहेत. ते कुजका पाला आणि बुरशी खातात, मुळांना धक्का लावत नाहीत. फार झाले असतील तर पाणी जास्त होते आहे एवढाच अर्थ.

पांढरे आवरण मात्र नीट बघा. धाग्यांची जाळी असेल, अळंबीसारखा वास येत असेल, तर ती पाइनच्या मुळांना अन्नपाणी मिळवून देणारी बुरशी आहे. ती धुऊन टाकू नका. जुन्या मातीचा थोडा भाग नव्या मिश्रणात घाला. सुटेसुटे पांढरे ठिपके असतील, त्यांत भिंगातून पाय असलेली शरीरे दिसत असतील आणि पाण्याचा थेंब त्यांवरून घरंगळत असेल, तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण. मग जुनी माती पूर्ण फेकायची, कुंडी उकळत्या पाण्याने धुवायची, फार भरलेली मुळे कापायची. पाइनची सगळी मुळे एकाच वेळी उघडी करणे मात्र धोक्याचे असते. त्यामुळे अर्धा गोळा यंदा धुवा आणि उरलेल्या भागाला लेबलवरच्या प्रमाणात आंतरप्रवाही (झाडात शोषले जाऊन आतून पसरणारे) कीटकनाशक द्या. दुसरा अर्धा भाग पुढच्या कुंडीबदलीला. तोवर कुंडी इतरांपासून दूर ठेवा आणि तिच्या तळातून निथळलेले पाणी दुसऱ्या झाडाला जाऊ देऊ नका.