'वर्णद्वेषी शेरेबाजी' खटकते ती का?

प्रश्न असा आला आहे: "क्रीडापानासाठी ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगवरचा लेख मराठीत करतेय. एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला 'मंकी' म्हटलं आणि त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली. मूळ मजकुरात 'रेशियल व्हिलिफिकेशन' असा शब्द आहे. मी 'वर्णद्वेषी शेरेबाजी' लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, चालेल. मला मात्र खटकतंय, आणि का ते सांगता येत नाही."

तुमचं खटकणं बरोबर आहे. या जोडीतले दोन्ही शब्द इथे बसत नाहीत, आणि दोघांची कारणं वेगळी आहेत. सोपं आधी घेऊ.

शेरा हा कचेरीतला शब्द. अर्जाच्या समासात साहेब मारतो तो शेरा. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडला की बढती अडते. माझ्या प्रगतिपुस्तकात दर सहामाहीला लाल शाईत एकच शेरा असायचा, 'अक्षर सुधारावे'. या शेऱ्याला 'बाजी' लागली आणि तो नाक्यावर आला. येणाऱ्याजाणाऱ्यांवर टोमणे टाकणं, नाटक चालू असताना मागच्या रांगेतून काहीतरी ओरडणं, ही शेरेबाजी. तिच्यात टवाळी आहे, उडाणटप्पूपणा आहे, पण जखम नाही. 'शेरेबाजी' वाचलं की वाचक नकळत निम्मा गुन्हा माफ करून बसतो. वर्तमानपत्रांनी ती जोडी इतक्या वेळा छापली आहे की आता कुणी थांबून पाहत नाही.

तुम्ही ज्या घटनेवर लिहिताय ती २०२४ च्या मार्चमधली असणार. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगचा हंगाम तेव्हा प्रथमच अमेरिकेत, लास वेगासमध्ये सुरू झाला. सिडनी रूस्टर्सच्या स्पेन्सर लेनिऊने ब्रिस्बेन ब्रॉन्कोसच्या एझ्रा मॅमला 'मंकी' म्हटलं. मॅम टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या वंशातला. ज्या देशात मूळ रहिवाशांना पिढ्यान् पिढ्या माणसाच्या खालच्या पायरीवर मोजलं गेलं, तिथे हा शब्द म्हणजे ती सगळी मोजदाद पुन्हा तोंडावर फेकणं. सामना संपल्यावर लेनिऊने प्रकार हसण्यावारी नेला. नंतर त्याने आरोप मान्य केला, माफी मागितली आणि आठ सामने बाहेर बसला.

आता 'वर्णद्वेषी'. हा शब्द मराठीत रुजला तो दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमधून, गोऱ्यांनी काळ्यांना कायद्याने वेगळं टाकलं त्या संदर्भात. तिथे तो अगदी नेमका होता. पण लेनिऊ स्वतः सामोअन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या लोकांच्या वंशाचा. एका सावळ्या माणसाने दुसऱ्या सावळ्या माणसाला डिवचलं एवढंच मला वाटलं, अशा आशयाची बाजू त्याने सुनावणीत मांडली. म्हणजे वर्ण निकषच ठरत नाही. 'वंशद्वेषी' करून हा अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा 'द्वेषी'त आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

द्वेष मनात असतो. 'द्वेषी' म्हटलं की बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते सिद्ध करणं आलं, आणि प्रत्येक बोलणारा छातीवर हात ठेवून सांगतो की माझ्या मनात तसं काही नव्हतं. लेनिऊच्या मनात द्वेष होता की नव्हता हे तुम्हाला-मला कुठून कळणार? शिक्षा त्याच्या मनाला झाली नाही, तोंडातून निघालेल्या शब्दाला झाली. तेव्हा आपल्याला असा प्रत्यय हवा जो बोलणाऱ्याच्या काळजात न शिरता शब्दावर बोट ठेवेल. असा प्रत्यय मराठीत आहे आणि तो आपण रोज वापरतो. 'जातिवाचक शिवीगाळ' यातला 'वाचक'.

हा शब्दप्रयोग कोशातून आला नाही, पोलीस ठाण्यातून आणि कोर्टातून आला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये नोंदवलेल्या फिर्यादींमध्ये तो इतक्या वेळा लिहिला गेला की गावातल्या म्हाताऱ्या बाईलाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याच्या मागे किती लोकांचं सोसणं आहे! २०१५ च्या दुरुस्तीने तर लोकांच्या नजरेसमोर जातीचं नाव घेऊन शिवीगाळ करणं हा स्वतंत्र पोटकलमाचा विषय झाला. यातली बारीक गोष्ट पाहा. जातीचं नाव ही काही शिवी नाही. ते अभिमानाने लावणारे आहेत. पण शिवीच्या वाक्यात ते घातलं की नावच काठी होतं. (जाता जाता: शिवीगाळीतला 'गाळ' चिखलातला नव्हे, हिंदी 'गाली'चा भाऊबंद आहे.)

हेच इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये घडलं. २०२१ मध्ये विगन संघाचा खेळाडू टोनी क्लब ('क्लब' हे त्याचं आडनाव) याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली आणि ५०० पौंड दंड बसला. त्याने हल एफसीच्या आंद्रे सॅव्हेलिओला जे म्हटलं त्यात पुढे 'मूर्ख', मागे एक घाणेरडी शिवी आणि मधे 'पॉलिनेशियन' असा शब्द होता. 'पॉलिनेशियन', म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, हा भूगोलाच्या पुस्तकातला सरळ शब्द. 'मूर्ख' आणि ती शिवी एवढंच असतं तर प्रकरण इतक्या थराला गेलं नसतं. मधल्या साध्या शब्दाने शिवीची जात बदलली. तिथल्या नियमावलीत या अपराधाचं नाव मात्र 'अस्वीकारार्ह भाषा' अशा अर्थाचं आहे. ते शब्दशः मराठीत आणू नका, फार गुळमुळीत आहे. 'वंशवाचक शिवीगाळ' लिहा. टोनी क्लबच्या प्रकरणाला हा शब्द मापाने शिवल्यासारखा बसतो.

लेनिऊच्या प्रकरणाला मात्र तो थोडा सैल पडतो. कारण 'माकड' वंशाचं नाव नाही आणि आपल्याकडे धड शिवीही नाही. 'माकडा, उतर खाली' म्हणणारी आई पोराला शिवी देत नसते. मारुतीच्या देवळाबाहेर आपण वानरांना केळी देतो. ही ऊब आपल्या माकडात आहे, म्हणून तर 'मंकी' म्हटल्याने इतकं काय बिघडलं हे मराठी माणसाला पटकन उमगत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला पाहून काही प्रेक्षकांनी माकडासारखे आवाज आणि हावभाव केले, तेव्हाही आपल्याकडे 'त्यात काय एवढं' म्हणणारे होते. ज्याला म्हटलं त्याच्या भाषेत तो शब्द काय करतो, हे पाहायला हवं होतं.

तीन महिन्यांनी सिडनी कसोटीत तर सगळा खटलाच एका शब्दाच्या उच्चारावर आला. हरभजन सिंगने सायमंड्सला 'मंकी' म्हटलं असा आरोप झाला आणि तीन कसोटींची बंदी पडली. अपिलात समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या सचिन तेंडुलकरची साक्ष झाली. 'तेरी माँ की' हे ऑस्ट्रेलियन कानाला 'मंकी'सारखं ऐकू आलं असू शकतं, असा मुद्दा पुढे आला. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वांशिक अपशब्दाचा आरोप पुरेसा सिद्ध न झाल्याने बाजूला ठेवला, साध्या शिवीगाळीचा ठेवला आणि शिक्षा सामन्याच्या निम्म्या मानधनावर आली. म्हणजे आईवरून दिलेली शिवी एका खणात आणि 'मंकी' दुसऱ्या खणात. शिवी किती घाण यावर खण ठरत नाही. ती समोरच्या एकट्याला लागते की त्याच्यामागच्या सगळ्या लोकांना, यावर ठरतो.

म्हणून लेनिऊसाठी मी क्रियापदाकडे जाईन. हिणवणं. 'व्हिलिफिकेशन'च्या पोटात हलकं, नीच ठरवणं आहे. आपलं 'हिणवणे' थेट 'हीन'वरून आलं, म्हणजे हीन ठरवणं, तंतोतंत तेच. सोन्यात हीण मिसळलं म्हणतो तेही याच कुळातलं. 'नालस्ती' इथे नको, ती माणसाच्या चारित्र्याची होते. 'अवहेलना' पुस्तकी आहे. 'वंशावरून हिणवलं' हे कोणालाही कळतं, आणि त्यात द्वेषाचा पुरावा मागावा लागत नाही.

मला हा शब्द इतका का पटतो ते सांगतो. पुण्यात शिकत असताना आमच्या खाणावळीत मणिपूरचा एक मुलगा यायचा. त्याच्या डोळ्यांवरून पडलेलं जे नाव देशभर चालतं त्याच नावाने एकाने त्याला हाक मारली, "भात वाढ रे" म्हणून. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. त्याने भात वाढला, स्वतःचं ताट तसंच ठेवलं आणि हात धुतले. त्यानंतर तो आम्ही उठून गेल्यावर, सव्वातीनला जेवायला यायचा. त्या टेबलावर त्याचा द्वेष करणारा कुणीही नव्हता. हिणवलं मात्र सगळ्यांनी होतं.

एक अडचण उरते. २०२२ मध्ये न्यूझीलंड वॉरियर्सच्या मार्सेलो मोंटोयाने मैदानात कायल फेल्टला समलिंगी पुरुषांसाठी वापरला जाणारा अपशब्द म्हटला, चार सामने बंदी झाली. इथे 'लैंगिकतेवरून हिणवलं' लिहू नका. वाचणाऱ्याला वाटेल फेल्टबद्दल काही सांगितलं जातंय. 'समलिंगी व्यक्तींना हिणवणारी शिवी दिली' असं लिहा. शिवी खाणारा कोण आहे याचा इथे संबंधच नाही, एका समूहाचं नाव दगड म्हणून उचललं गेलं आहे.

लेखात आणखी दोन जागी पाय घसरतो. 'रग्बी लीग' हे स्पर्धेचं नाव नाही, खेळाचं आहे. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी फुटबॉल युनियन या मूळ संघटनेपासून फुटले. गिरण्या-खाणींतल्या खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही, हे भांडण होतं. त्यातून पुढे तेरा जणांचा हा वेगळा खेळ झाला. म्हणून 'रग्बीच्या लीगमध्ये' असं करू नका. आणि ऑस्ट्रेलियातल्या बातमीत 'ज्युडिशिअरी' म्हणजे न्यायपालिका नव्हे, लीगची शिस्तभंग समिती.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: 'एझ्रा मॅमला वंशावरून हिणवल्याबद्दल शिस्तभंग समितीने स्पेन्सर लेनिऊवर आठ सामन्यांची बंदी घातली.' मथळ्यात जागा कमी असेल तर 'वंशावरून हिणवलं. आठ सामने बाहेर'. वरिष्ठांनी 'शेरेबाजी'चा आग्रह धरलाच, तर त्यांना 'जातिवाचक शेरेबाजी' असं एकदा मोठ्याने म्हणून पाहायला सांगा.