तिची कामं लिही

सोलापूर

प्रिय पोरी,

सलाम.

रविवारच्या स्मरण उपासनेत आजीबद्दल बोलण्यासाठी तू लिहिलेलं पान मिळालं. तीनदा वाचलं. प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू, प्रार्थनाशील. सगळं खरं आहे. पण पान मिटलं तेव्हा ती काही डोळ्यांपुढे आली नाही. स्पष्ट लिहिते आहे, कारण रविवारी मला तिलाच भेटायचं आहे.

तू बायबलमधला नीतिसूत्रे ३१ हा अध्याय वाचणार आहेस. आपल्या मंडळीत आजी गेली की बहुधा तोच अध्याय वाचतात. पण तो रचणाऱ्याने काय केलंय, ते नीट बघ. १० ते ३१ अशा २२ ओव्या. मूळ हिब्रूत प्रत्येक ओवी वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते. अख्खी वर्णमाला त्याने त्या बाईसाठी खर्च केली, आणि ती भरली कशाने? लोकर, ताग, हातातली चाती, विकत घेतलेलं शेत, व्यापाऱ्याला दिलेले पट्टे, रात्री न विझणारा दिवा. गुणांची नावं थोडी, कामंच जास्त.

चादरीच्या गावात हा अध्याय कुणाला समजवावा लागत नाही. तुझी आजी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सुताने तिच्या बोटाला पडलेला चर तू लहानपणी चाचपून बघायचीस, आठवतं? तो लिही. मजुरी हातात आली की दानार्पणाचे पैसे आधी पदराच्या गाठीला जायचे आणि मग किराणा, तेही लिही.

तिचं बोलणं पुस्तकी करू नकोस. ‘तिने माझ्या जेवणाची चौकशी केली’ असं तू लिहिलंस. अगं, ती म्हणायची, ‘जेवलीस का गं, का नुसतीच हिंडलालीस?’ शेजारच्या पद्मशाली बाईला तेच तेलुगूत, ‘तिन्नावा?’ आणि दूधवाल्याला कानडीत, ‘ऊट आयता?’ तीन भाषांत तिला बाकी फारसं येत नसेल, पण हे पक्कं यायचं. एवढं सांगितलंस तरी बाकांवरच्या निम्म्या लोकांना तिचा आवाज ऐकू येईल.

आणि एक गोष्ट तू गाळलीस. धाकट्या बहिणीशी तिने धरलेला अबोला. कितीतरी वर्षं. मग एका प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी, पाऊस पडत असताना, ती बहिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या रात्री दोघींनी एका ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. बहीण अजून आहे. आधी तिला विचार, ‘सांगू का?’ ती हो म्हणाली तर हेच सगळ्यात सावकाश सांग. तिच्या प्रार्थनाशील असण्याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

बोलताना रडू आलं तर थांब. घाई करू नकोस, आम्ही थांबू.

तिचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक माझ्याकडेच राहिलंय. ना. वा. टिळकांची गीतं तिला तोंडपाठ होती, तरी पुस्तक हातात लागायचंच. आत काही गीतांपुढे तिने पेन्सिलीने घरातल्यांची नावं लिहिली आहेत. तुझंही आहे. कुठल्या गीतापुढे, ते पत्रात लिहीत नाही. रविवारी पुस्तकच घेऊन येते.

तुझी,
शब्बाथशाळेतली बाई