आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांचे इंग्रजी श्रवण आणि वाचन नेमके कसे तपासावे?

आपल्या वर्गातील मुले पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावरच्या प्रश्नांना चांगले गुण मिळवतात, पण बाहेरचा उतारा समोर ठेवला किंवा इंग्रजीतून सलग चार वाक्ये बोलली की गोंधळून जातात, असे आपण लिहिले आहे, आणि श्रवण व वाचन तपासण्याची भरवशाची पद्धत विचारली आहे. मी स्वतः मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे आपली अडचण माझ्या रोजच्या परिचयाची आहे. चाचणी काढताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासतो : ज्या कौशल्याचे गुण मी देणार आहे, तेच कौशल्य या प्रश्नातून मोजले जाते आहे का, की त्याच्या नावाखाली पाठांतर, हस्ताक्षर, स्पेलिंग किंवा सामान्यज्ञान मोजले जाते आहे?

वाचनापासून सुरुवात करतो, कारण वाचनाची परीक्षा आपण घेतोच, असा बहुतेकांचा समज असतो. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकातील गद्य उताऱ्यांना २० आणि कवितेला १० गुण आहेत, तर अपठित उताऱ्याला सारांशलेखन धरून १५ गुण आहेत. म्हणजे आकलनाच्या नावाने विचारलेले ३० गुण अशा मजकुरावर आहेत, जो वर्गात मराठीतून समजावून सांगितलेला असतो आणि ज्याची उत्तरे मार्गदर्शकांत छापून मिळतात. त्या ३० गुणांतून मुलाने वर्षभर केलेला अभ्यास कळतो आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही, परंतु न पाहिलेला इंग्रजी मजकूर त्याला स्वतःच्या बळावर वाचता येतो की नाही, हे त्यातून कळत नाही. मंडळाचा आराखडा आपल्या हातात नाही. घटक चाचणी मात्र पुष्कळशी आपल्या हातात असते, आणि तिच्यात वाचनाचा उतारा नेहमी अपठितच असावा, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात उतारा अपठित असला म्हणून काम भागते असे नाही. ‘तुरंब्याने भिकळीजवळ लोंबटा ढुमकवला’ हे वाक्य पाहा. यातल्या कोणत्याही मुख्य शब्दाला काहीही अर्थ नाही. तरीही ‘तुरंब्याने लोंबटा कुठे ढुमकवला?’ असे विचारले, तर आपण क्षणात ‘भिकळीजवळ’ असे उत्तर द्याल आणि पूर्ण गुण मिळवाल. आपल्याकडील अपठित उताऱ्यांवरचे निम्म्याहून अधिक प्रश्न मला याच जातीचे आढळतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की त्या ओळीचा शेवट उत्तरपत्रिकेत उतरवायचा, ही युक्ती मुले सातवी-आठवीतच आत्मसात करतात आणि काही अर्थ न कळताही बऱ्यापैकी गुण मिळवतात. यावर उपाय असा की प्रश्नातले शब्द उताऱ्यातल्या शब्दांपेक्षा वेगळे ठेवावेत आणि उत्तरासाठी निदान दोन वाक्यांची सांगड घालावी लागेल, असा प्रश्न काढावा. ‘दुकानदाराने छत्री परत का घेतली नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पावतीविषयीचे एक वाक्य आणि तारखेविषयीचे दुसरे वाक्य जोडल्याशिवाय मिळू नये. अमुक सर्वनाम कोणासाठी आले आहे, हा प्रश्नही दिसायला साधा असला तरी फार उपयोगी पडतो, कारण ज्याने ओळी केवळ डोळ्यांखालून घातल्या आहेत, तो तिथे हमखास चुकतो.

उताऱ्याची निवड हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर इंग्रजी उतारा दिला आणि तो कोठे व कोणत्या वर्षी झाला असे विचारले, तर रायगड आणि १६७४ ही उत्तरे मुलांना चौथीपासून ठाऊक असतात. उतारा न वाचताही ती लिहिता येतात. म्हणून प्रश्नपत्रिका तयार झाली की मी फक्त प्रश्न, उताऱ्याशिवाय, एखाद्या सहकाऱ्याला किंवा वरच्या वर्गातील दोन-तीन मुलांना सोडवायला देतो आणि जे प्रश्न उताऱ्यावाचून सुटतात ते काढून टाकतो. शब्दांच्या बाबतीतही असेच भान हवे. मदतीशिवाय वाचून नीट समजायचे असेल, तर मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात, असे शब्दसंग्रहाच्या संशोधनात सांगितले जाते. दोनशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ चार अनोळखी शब्द एवढाच होतो. आपण मात्र इंग्रजी वर्तमानपत्रातला परिच्छेद जसाच्या तसा उचलतो, त्यात वीस-पंचवीस शब्द मुलांनी कधी पाहिलेलेही नसतात, आणि मग ‘यांना वाचता येत नाही’ असा निष्कर्ष काढतो. उतारे नेहमी बोधकथेचेच असावेत, असेही नाही. एसटीचे वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची सूचना, ग्रंथालयाचे नियम, स्पर्धेची जाहिरात हे सारे वाचनच आहे आणि मुलांना पुढे प्रत्यक्षात लागणार आहे.

आता जी गोष्ट मी आग्रहाने सांगणार आहे, ती काही इंग्रजी शिक्षकांना पटत नाही. आकलनाच्या प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहू द्यावीत. उतारा इंग्रजीत, प्रश्न मराठीत आणि उत्तरही मराठीत. ज्या मुलीला उतारा पूर्ण समजला आहे, पण इंग्रजी वाक्यरचना जमत नाही, तिला इंग्रजीत उत्तर लिहायला लावून आपण तिच्या लेखनाचे गुण वाचनाच्या रकान्यात भरतो. उलट ज्याने उताऱ्यातली ओळ उतरवली आहे, त्याचे इंग्रजी निर्दोष दिसते आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. मराठीतल्या उत्तरात ही लपवाछपवी चालत नाही. समजले असेल तर लिहिता येते, नाहीतर नाही. इंग्रजी लेखन तपासायला पत्र, संवाद, भाषण असे स्वतंत्र प्रश्न आहेतच.

प्रकट वाचनाविषयी थोडे. मूल घडाघडा वाचते म्हणजे त्याला समजते, असे पालकांना वाटते आणि कधी कधी आपल्यालाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे ५७ टक्के मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. अगदी सोप्या, सुट्या वाक्यांच्या बाबतीत ही स्थिती आहे. म्हणून मोठ्याने वाचून घेण्याचे गुण मी आकलनात मिसळत नाही, परंतु लेखी चाचणीत जे मूल अडखळले, त्याला एकट्याला जवळ बसवून चार ओळी वाचायला सांगतो, कारण त्यातून अडचण कुठे आहे ते समजते. काही मुलांच्या पुस्तकात इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला दिसतो. ‘थॉट’, ‘थ्रू’, ‘इनफ’ असे एकेक शब्द वर मांडलेले असतात. देवनागरीत अक्षर दिसते तसे वाचायची सवय झालेल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग किती परके वाटत असेल, हे त्या पानावरून कळते. अशा मुलाला रागावू नये. त्याला अर्थाची नव्हे, अक्षरांवरून शब्द ओळखण्याची अडचण आहे, हे त्याने स्वतःच दाखवून दिलेले असते.

श्रवणाकडे वळतो. शाळांतून श्रवण चाचणी म्हणून जे चालते, त्यात शिक्षकांनी पाठातलाच उतारा वाचून दाखवणे आणि मुलांना त्यांचे नाव-गाव इंग्रजीतून विचारणे, हे दोन प्रकार मी सर्वांत जास्त पाहिले आहेत. दोन्हींतून फारसे काही कळत नाही. शिवाय शिक्षक समोर उभे राहून वाचतात, तेव्हा नकळत उत्तराच्या शब्दावर जोर देतात, मुलांचे चेहरे पाहून वेग कमी करतात, आणि ‘अ’ तुकडीला एक चाचणी तर ‘ब’ तुकडीला दुसरीच होऊन बसते. म्हणून मजकूर एकदाच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि सर्व तुकड्यांना तोच ऐकवावा. शक्य असेल तर एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा आवाज घ्यावा, आणि तो आपल्याकडील, स्वच्छ भारतीय उच्चारांचा असावा. मुलांनी कधी न ऐकलेली परदेशी बोलण्याची ढब आणली, तर परीक्षा त्या ढबीचीच होते. सहज बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १५० शब्दांचा असतो. नववीसाठी मी ११० ते १२० शब्दांच्या आसपास राहतो, मात्र शब्द सुटे सुटे तोडून बोलत नाही, कारण खरी अडचण तिथेच असते. कागदावर ‘शुड हॅव्ह’ ओळखणारे मूल बोलण्यात तेच ‘शुडव्ह’ असे ऐकले की थबकते.

एक नमुना देतो. सहलीची सूचना आहे : बस साडेसहाला सुटणार होती, पण घाटात दरड कोसळल्यामुळे ती आता सव्वासातला सुटेल, डबा घरून आणायचा आहे, पाण्याची सोय शाळा करणार आहे. मग एक विद्यार्थी विचारतो, ‘पैसे आणू का?’ आणि बाई म्हणतात, ‘यू हॅड बेटर नॉट’, म्हणजे न आणलेलेच बरे. पहिला प्रश्न बस किती वाजता सुटणार हा; पर्यायांत साडेसहा ठेवावेच, कारण ज्याने कानावर पडलेला पहिला आकडा पकडला आणि पुढचे ऐकले नाही, तो तिथे वेगळा कळतो. दुसरा प्रश्न पैसे आणायचे की नाही हा. ज्याच्या कानात फक्त ‘बेटर’ राहिले, तो ‘आणलेले बरे’ असे लिहितो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरकही अशाच एखाद्या किमतीच्या किंवा तारखेच्या निमित्ताने तपासता येतो.

प्रश्न मराठीत छापलेले असावेत आणि ऐकण्यापूर्वी ते वाचायला एक मिनिट द्यावे. प्रश्न नंतर दिले, तर ऐकण्याची नव्हे, लक्षात ठेवण्याची परीक्षा होते. मजकूर दीड मिनिटापेक्षा लांब नसावा आणि तो दोनदा ऐकवावा. केंब्रिजची शालेय मुलांसाठीची ‘ए टू की’ ही प्राथमिक पातळीची इंग्रजी परीक्षाही ध्वनिफीत दोनदा ऐकवते. आयेल्ट्समध्ये ती एकदाच ऐकवली जाते, पण ती परीक्षा परदेशी शिक्षणाला किंवा स्थलांतराला निघालेल्यांसाठी आहे. चूक-बरोबर असे प्रश्न शक्यतो टाळावेत, कारण केवळ अंदाजाने त्यांत निम्मे गुण मिळू शकतात. वर्गावर पत्र्याचे छप्पर असेल, तर ही चाचणी पावसाळ्यात ठेवू नये, आणि मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतो का ते आधी स्वतः मागे बसून ऐकावे. वाचनात बरा असलेला एखादा मुलगा श्रवणात वारंवार मागे पडत असेल, तर त्याचे कान तपासून घ्यायला पालकांना सांगावे. ही गोष्ट शाळेत फार उशिरा लक्षात येते.

मला सर्वांत जास्त माहिती मिळते ती दोन्ही चाचण्यांचे गुण शेजारी शेजारी मांडल्यावर. त्यासाठी सारख्या कठीणपणाचे दोन मजकूर घ्यावेत, एक वाचायला आणि दुसरा ऐकायला. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडले की वाचनाचे आकलन म्हणजे लिखित शब्द ओळखणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. ज्याला ऐकून समजते पण वाचून समजत नाही, त्याला स्पेलिंग आणि उच्चार यांच्या सरावाची गरज आहे. ज्याला वाचून समजते पण ऐकून नाही, त्याने इंग्रजी ऐकलेलेच नाही. मराठी माध्यमात हा गट मोठा असतो. ज्याला दोन्हींत समजत नाही, त्याच्याकडे शब्दच नाहीत, त्याला आणखी उतारे सोडवायला लावून उपयोग नाही. ‘इंग्रजी कच्चे’ असा एकच शेरा या तिघांच्या प्रगतिपुस्तकावर लिहिला, तर तिघांवरही अन्याय होतो.

वेळ कमी असेल, तर विल्सन टेलर या संशोधकांनी १९५३ साली सुचवलेली गाळलेल्या जागांची पद्धत वापरावी : पहिले वाक्य पूर्ण ठेवून पुढचा प्रत्येक सातवा शब्द गाळायचा आणि अर्थाला जुळणारा कोणताही शब्द बरोबर धरायचा. तपासून झाल्यावर वरच्या आणि खालच्या तिसऱ्या हिश्शातील मुलांची उत्तरे ताडून पाहावीत. जो प्रश्न हुशार मुलांपेक्षा कच्च्या मुलांनी जास्त बरोबर सोडवला, तो प्रश्नच सदोष असतो.

दहावीच्या ८० लेखी गुणांखेरीज शाळेने द्यायच्या २० अंतर्गत गुणांविषयी स्पष्ट लिहितो. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण नव्हते. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून ते गुण परत आले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तरी या २० गुणांकडे निकाल सावरणारा आधार म्हणून पाहण्याची सवय त्यानंतर अधिकच पक्की झाली, असे मला वाटते. एवढ्या मोठ्या परीक्षेत श्रवण तपासणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. तेथे २००६ पासून विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत प्रत्येक परीक्षार्थीला ध्वनिफीत ऐकण्याचे छोटे यंत्र दिले जाऊ लागले आणि २०२१ पासून इंग्रजीच्या वाचनाला १०० व श्रवणालाही १०० गुण आहेत. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल, पण एका मोबाइलवर आणि एका स्पीकरवर आपल्या वर्गापुरते ते आजही करता येते.

चाचणीनंतरच्या तासाला तीच ध्वनिफीत पुन्हा लावावी आणि या वेळी मुलांच्या हातात तिची लिखित प्रत द्यावी. जिथे कानाने दगा दिला, ती ओळ त्यांनी स्वतः अधोरेखित करावी. त्या अधोरेखित ओळी गोळा केल्या, की पुढच्या महिनाभर वर्गात काय ऐकवायचे, याची यादी आपल्या हाती येते.